सगुणेचं बिनतिखट ताट

यंदाही वेचणी लागली. अंगणात कापसाचा ढीग पडला, त्यावर ऊन चढलं आणि तो कोमट, किंचित धुळकट वास घरात शिरला. लोकांना या वासात चांदी दिसते. माझ्या जिभेवर मात्र मुगाच्या वरणाची चव येते. बिनमिरचीचं, जिऱ्याची फोडणी दिलेलं, वरून तुपाची धार. चांगली चव आहे, वाईट नाही. पण ती आली की दोन-चार दिवस मी घरात कोणाशी धड बोलत नाही. पोरं म्हणतात, म्हातारी वेचणीच्या दिवसांत बिनसते. बिनसते तर बिनसते. या वयात आता कोणाला विचारून बिनसायचं?

ती कापसाची वर्षं होती. साता समुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. नांदगाव खंडेश्वराजवळचं आमचं गाव, काळीभोर जमीन. अमरावतीच्या बाजाराला गाड्या जायच्या त्या रिकाम्या म्हणून परत येत नसत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, बाप्यांच्या डोक्याला नवी पागोटी, आणि बोलणं दुसरं नाहीच. कापूस, कापूस, कापूस. आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी ज्वारीच्या वावरात कापूस लावला. मग विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यांत लावला. पुढच्या मृगात गावामागची गोदरीही नांगरून टाकली.

गोदरी म्हणजे बायांची पहाटेची जागा. बाभळी, येरंडाची झुडपं, दोन खोलगट ओहोळ, एवढा आडोसा. त्या जागेला काही किंमत आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. नांगर फिरला, बाभळी तुटल्या. बायांनी आता जायचं कुठं, हे कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाया आम्ही, आणि त्यांना म्हणायचं, मामंजी, आमची हगायची जागा सोडा! इतकं सरळ मी तेव्हा मनातसुद्धा बोलत नव्हते. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे.

मग काय, दूर जायचं. वावरांत रखवालदार, पहाटेपासून वेचणीच्या मजुरांची वर्दळ, कापसाचं झाड जेमतेम गुडघ्याएवढं. कधी जमायचं, कधी तसंच परत यायचं. बाया शहाण्या झाल्या. सांजच्याला अर्धी भाकर खायची, पाण्याचा घोट मोजून घ्यायचा, आणि पोट आवळून बसायचं. दिवसभर कापूस वेचायचा तो तशाच अवस्थेत. घरात पैसा येत होता आणि बाया पोट बांधून हिंडत होत्या. त्या बरकतीच्या हंगामाची ही बाजू कोणी कुठं सांगितलेली मी तरी ऐकली नाही.

त्याच दसऱ्याला माझी धाकटी जाऊ सगुणा बाळंतीण झाली. पहिलटकरीण खरी माहेरी जायची, पण तिची माय लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. मुलगा झाला. सासूबाईंना, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, आभाळ ठेंगणं झालं. घरात पैसा खुळखुळत होता. अमरावतीहून डिंक आला, खारीक आली, गोडंबी आली, सुकं खोबरं पोत्यानं आलं. आत्याबाईंनी लाडू वळले ते नारळाएवढे. बाळंतिणीला दोन वेळा लाडू, सुंठीची पूड, लसणाची चटणी, बाजरीची भाकर. पालेभाजी वातूळ, ती वर्ज्य. ताक थंड, ते वर्ज्य. आणि पाणी? बाळंतिणीनं पाणी पिलं की पोट सुटतं, म्हणून सुंठ घालून उकळलेलं, वाटीभर, तेही मागितलं तर. सगळं मायेनं चाललं होतं बरं का. आत्याबाई स्वतः जागून धुरी द्यायच्या, स्वतः शेकायच्या. सुनेला इतकं जपणारी सासू पंचक्रोशीत नव्हती.

बारशापर्यंत गोठ्यामागं आडोसा करून भागलं. बारसं झालं आणि सगुणेलाही आमच्याबरोबर पहाटे बाहेर पडावं लागलं. तिच्यासोबत मी जायचे. एकदा मी वावराच्या धुऱ्यापाशी, बांधावर, उभी होते, थंडी अशी की दात वाजत होते. ही आली तर कपाळावर घाम. माझा खांदा असा धरला की बांगडी रुतली.

"काय झालं व?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कशी? अंग थरथरून राहिलं तुयं."

ती रडायला लागली. "बाई, कोनी सुरीनं चिरून राहिलं असं वाटते. खाली चीर पडली मले. रगतबी येते. एकदा गेली की दुपारलोक बसता येत नाही."

"आत्याबाईले सांगू आपण."

"मायी आन हाय तुले! कोनाले सांगू नोको. लाजेनं मरीन मी."

तिनं त्यावर आपला उपाय शोधला होता. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही. लाडू ती पदराखाली दडवायची आणि मला गुपचूप गोठ्यात टाकायला लावायची. आमची गाय त्या दिवाळीत बाळंतिणीसारखी तुकतुकीत झाली. इकडं सगुणेचे गाल बसले, आणि दूध आटलं. पोर तोंड लावायचं, चोखायचं, सोडून द्यायचं आणि रडायचं. आधी मोठ्यानं रडायचं. मग त्याचं रडणं बारीक व्हायला लागलं, आणि त्या बारीक रडण्यानं माझं काळीज कापलं जायचं. वरचं दूध पाजलं तर ओकून टाकायचं. तिनं जेवावं, नाहीतर हे लेकरू जगत नाही, हे मला उघड दिसत होतं. आणि ती जेवायला तयार नव्हती.

मला हे दुखणं ठाऊक होतं. माझं माहेर बाळापूरचं. बाप गाडीवान, महिना महिना गाडीवर बसून, सुकी भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊन घरी यायचा, आणि आला की उंबऱ्यावर बसता येत नसायचं. भिंतीला धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पाय आखडले." पायबिय काही नाही. माय समजून होती. ती त्याला काही न विचारता चूल पेटवायची. मिरचीचं गाडगं वर शिंक्याला टांगायची. आणि मग जे रांधायची, त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिचं म्हणणं असायचं, "रोज तेच पचपचीत वाढलं तं मानूस ताटावरून उठून जाते. मंग मिरचीच खाते. जिभेले रोज काही नवं दाखवा लागते." बापाला ती घंगाळात कोमट पाणी करून बसायला लावायची, आणि आम्ही पोरं हसलो तर सांडशी उगारायची.

नातवासाठी बोललेला नवस फेडायला आत्याबाई आणि मामंजी कार्तिकीला कौंडण्यपूरला गेले. गाडी वेशीबाहेर पडली न पडली, मी मिरचीचं गाडगं शिंक्यावर चढवलं.

पहिल्या दिवशी काही थोर केलं नाही. मूग चांगला गळेपर्यंत शिजवला, हळद, हिंग, तुपात जिरं आणि लसूण, वर कोथिंबीर. ज्वारीची भाकर गरम गरम चुरून त्यात भिजवली आणि तुपाचा हात सैल सोडला. सगुणेनं तोंड फिरवलं.

"नोको बाई. उद्या मले जावं लागन."

"जावं तं लागतेच. न खाऊन जाशीन तं अजून फाटशीन. हे खाऊन जाय. नाही जमलं तं मले दोन शिव्या दे."

"तुले कशी शिवी देऊ?"

"मनात दे. मी कोठी ऐकून राहिली?"

तिनं दोन घास खाल्ले, मग ताट पुसून खाल्लं. भूक होतीच हो तिला, नुसतं भ्यालेली होती. मी तांब्याभर पाणी तिच्यासमोर ठेवलं. ती तांब्याकडं अशी बघत राहिली की जणू मी तिला पाप करायला सांगत होते. मग तांब्या उचलून तिनं घटाघटा पिऊन टाकला, आणि गळ्यावरून सांडलेलं पाणी पुसायचंही भान तिला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या, वर गोडलिंबाची फोडणी. मग गोठ्याच्या छपरावर वेल होता, त्याचं लाल कोहळं काढलं. अर्ध्याची तुपातली भाजी केली, चिमूटभर गूळ आणि भरडलेले धने घालून, आणि अर्ध्याचे मऊ घारगे. मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून दिल्या. विहिरीच्या पाटाला एका कडेला घोळीची भाजी उगवलेली सापडली. नांगराच्या तावडीतून एवढीच सुटली होती. ती मुगाच्या डाळीत घातली, आंबटसर, बुळबुळीत, घशाखाली आपोआप उतरणारी. एक दिवस दोडका, एक दिवस दुधातल्या शेवया. तिखटाची आठवण झाली तर आल्याचा रस आणि लिंबू. चव लागते हो. आपण मिरचीपुढं बाकीच्यांना बोलूच देत नाही, म्हणून कळत नाही. आणि दोन्ही वेळा कोमट पाण्याचं घंगाळ. सगुणा त्यात बसली की डोळे मिटून म्हणायची, "बाई, हे सुख कोनाले सांगाचं?" मी म्हणायचे, कोनाले सांगू नोको, नाहीतं घंगाळापुढं गावच्या बायांची रांग लागन.

मी थट्टेनं बोलले. पण खरंच लागली असती. तेव्हा ते मला समजलं नव्हतं.

आणि मग सरकी. कापूस रेच्यावर घातला की रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं. रुई अमरावतीला जायची, सरकी ढोरांना. मी मूठ-मूठ सरकी चोरून भिजवली, पाट्यावर वाटली, फडक्यातून पिळून दूध काढलं, त्यात गूळ आणि तांदळाची पिठी घालून खीर आटवली. बाळंतिणीच्या दुधाला ती चांगली, असं माय सांगायची. सगुणेनं वाटी चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाली, "त्या कापसानं आपली जागा खाल्ली, आता आपन त्याले खाऊन राहिलो." किती दिवसांनी हसली होती ती.

त्याच वेळी दारात आत्याबाई उभ्या होत्या. गाडी कधी आली, आम्हाला कळलंच नाही.

एक सांगायचं राहिलं. मला मूलबाळ नव्हतं. आणि लेकरू नसलेल्या बाईनं बाळंतिणीला चोरून काही खाऊ घालणं म्हणजे काय समजतात, हे कोणाला सांगायला नको. आत्याबाईंची स्वतःची लेकरं अंगावर पीत असतानाच गेली होती, एकामागून एक. माझा नवरा आणि दीर तेवढे वाचले. गाव म्हणायचं, बाईच्या दुधात जोर नव्हता, सटवाईनं तसंच लिहिलं. त्यामुळं नातवाच्या बाबतीत त्यांचा जीव नुसता टांगणीला लागलेला. त्यांनी वाटी पाहिली, पाण्याचा तांब्या पाहिला, आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"काय चारून राहिली तू तिले? पानी पाजून राहिली? ताक? तुयं पोट भरलं नाही म्हनून तिच्या पोटावर उठली काय?"

मला जे लागलं ते मी इथं सांगत नाही. पण मी उठून उभी राहिले आणि सगुणेनं घातलेली आन त्या एका क्षणात मोडली.

"आत्याबाई, तिले खाली चीर पडली हाय. रगत येते. त्या भेवानं ती जेवत नव्हती, म्हनून दूध नव्हतं. तुमचे लाडू गायीनं खाल्ले. आता मले घराबाहेर काढाचं असन तं काढा, पन लेकराकडं एकदा पाहा."

सगुणेनं पदरात तोंड लपवलं. आत्याबाई मला मारतील असं मला वाटलं. त्यांनी मारलं नाही. खाटेच्या पायाला धरून त्या हळूच खाली बसायला लागल्या, एका कुशीवर, आधी एक हात टेकवून, मग मांडी दुमडून. रोज तशाच बसायच्या त्या. आम्ही म्हणायचो, गुडघे धरले. मी माझ्या बापाला तसं बसताना कितीदा पाहिलं होतं, आणि एका घरात राहून मला आत्याबाईंच्या बाबतीत ते कधी दिसलं नव्हतं.

त्यांचे उपास गावात नावाजलेले. सोमवार, एकादशी, चतुर्थी, प्रदोष, वर कोणाकोणासाठी बोललेले. आठवड्यात त्या पोटभर जेवायच्या म्हणजे कधी, हे आठवावं लागायचं. बाया त्यांच्या पाया पडायच्या, म्हणायच्या, अशी भक्ती पाहिजे. मीही पडले आहे. पंगतीत त्या घासभर खाऊन हात धुवायच्या आणि आम्ही समजायचो, देवाचं माणूस आहे, तिला अन्नाची वासना नाही.

त्या दिवशी त्यांनी लेकराकडं पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पदरात चाकवत घेऊन आल्या. कुठून आणला कोण जाणे, आसपास तर नुसता कापूस. भाजी माझ्यासमोर ओतली आणि म्हणाल्या, "तुयी माय कशी करे?" मी सांगितलं: ताकात, थोडं बेसन लावून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून. त्यांनी स्वतः रांधली. सगुणेला वाढली. मग आपलं ताट पुढं केलं. सोमवार होता. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि वाढलं.

त्यानंतर आमच्या घरात दोन चुली असल्यासारखं झालं. बाप्यांना ठेचा, झुणका, लाल जाळ रस्सा. आम्हा तिघींना ते बिनतिखट ताट. एकदा भांडी बदलली आणि मामंजींच्या पानात आमचं वरण गेलं. "हे काय हाय? देवाले निवद दाखवाचा हाय का?" ते गरजले. आत्याबाई आतून म्हणाल्या, "जेवा मुकाट्यानं. तोंडात गेल्यावर बोला." ते जेवले. आणखी मागितलं, हे विशेष.

सगुणेची चीर हळूहळू भरली. दूध आलं. असं आलं की चोळी भिजायची आणि ती लाजायची. पोर प्यायला लागलं की त्याच्या घशाचा गट-गट आवाज माजघरात ऐकू यायचा. मी चुलीपाशी बसून तो आवाज ऐकायचे आणि माझं पोट भरायचं. आज या घरात नातवंडं-पतवंडं आहेत ती त्याच पोराची. मिशा पिकल्या आता त्याच्या. मला मोठी माय म्हणतो, आणि जेवणात मिरची कमी पडली तर कुरकुर करतो, बेइमान कुठला.

सगुणा गेली, आत्याबाई तर कधीच गेल्या. तरी या दिवसांत चुलीपाशी बसले की पाठीमागं कोणीतरी एक हात टेकून, कुशीवर भार देत, हळूच बसल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही. भूतबीत काही नाही. भूत असतं तर अंगारा लावून केव्हाच काढून दिलं असतं. मी उगाच भांड्यांचा आवाज करते. वरणात तूप जरा जास्त घालते. कितीजणी असतील तशा, प्रत्येक घरात, प्रत्येक गोठ्यामागं, उपासाच्या नावाखाली! पहाटे एकमेकींच्या सोबतीनं जायच्या आणि एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. मला अजून राग येतो. कोणाचा येतो, ते ठरत नाही.

वेचणी संपत आली होती तेव्हाची दुपार. आत्याबाई आणि मी ओसरीवर कापसातली काडी-पत्ती वेचत बसलो होतो. समोर सगुणा पोराला पाजत होती. पिता पिता ते झोपलं, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं, आणि तिनं ते बोटानं पुसलं. आत्याबाई किती वेळ तिकडंच बघत होत्या. हातातला कापूस तसाच होता.

"पारबते," त्या म्हणाल्या, "माया दुधात जोर नव्हता असं नाही व."

मी काडी वेचता वेचता मान वर केली.

"मी जेवत नव्हती. पयल्या लेकरापासून. ते दुखनं लागलं तं मले वाटे, बाईच्या जातीले हे असतेच. मंग भेवानं जेवत नव्हती मी. उपास धरो. ते माया अंगावर रडे, आन मी उपास धरो. ते जगावं म्हनून त्याच्या नावानं उपास धरो मी."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला काही करता आलं असतं. मी म्हणाले, "तुमाले काय मालूम, आत्याबाई? त्या वक्ती कोनाले मालूम होतं हे सारं?"

"तुया मायले मालूम होतं."

माझे हात थांबले.

"बाळापूर कितीक दूर हाय व अथून?"

"गाडीनं? दोन मुक्काम पडतात."

"दोनच," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कापूस निवडायला लागल्या.